वाचक विचारतात : टेलिकॉममध्ये वीस-पंचवीस वर्षं टिकायचं कसं?

या वेळच्या पत्रांत एकच काळजी निरनिराळ्या तोंडांनी आली आहे : "हे काम अजून किती वर्षं पुरेल?" काळजी खोटी नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात १२२ परवाने रद्द केले. सप्टेंबर २०१६ नंतरच्या दरयुद्धात कितीतरी कंपन्या बुडाल्या किंवा दुसरीत विरघळल्या. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले. पण याच वर्षांत जमिनीखालची फायबर वाढत होती, टॉवरही वाढत होते, आणि ते सांभाळणारी माणसं पाटी बदलून तीच कामं करत होती. म्हणून खालची उत्तरं कोणत्या कंपनीत जावं याविषयी नाहीत. हातात कोणतं काम असावं याविषयी आहेत.

प्रश्न : वय २६. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा आयटीआय. चार वर्षं सांगली-मिरज भागात ठेकेदाराकडे स्प्लायसिंग (फायबरची टोकं वितळवून जोडणं) करतो, जॉइंटमागे पैसे मिळतात. मशीन ०.०१ डीबी लॉस (प्रकाशातली घट) दाखवतं, तरी लिंक नापास झाली म्हणून परत बोलावतात, त्या खेपेचे पैसे नाहीत. पुढे काय शिकू? (सांगली)

उत्तर : मशीनच्या पडद्यावरचा ०.०१ हा मोजलेला आकडा नव्हेच. जोडलेल्या टोकांचं चित्र बघून मशीनने केलेला तो अंदाज आहे. जोड खरा कसा आहे हे ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून लांबी आणि लॉस मोजणारं यंत्र) सांगतो, तेही दोन्ही टोकांकडून मोजल्यावर. एकाच बाजूने मोजलं तर कधी कधी जॉइंटवर लॉसऐवजी चक्क वाढ दिसते, कारण दोन ड्रममधल्या फायबर प्रकाश मागे परतवण्यात किंचित वेगळ्या असतात. अलीकडून उणे ०.०८ आणि पलीकडून ०.१८ आलं, तर खरा लॉस दोन्हींची सरासरी, म्हणजे ०.०५ डीबी. जोड चांगला आहे. पण फक्त ०.१८ बघणारा सुपरवायझर तो तोडायला लावतो आणि तुमचा दिवस फुकट जातो. दोन्ही बाजूंचे ट्रेस जवळ असले की हा वाद जागेवरच मिटतो.

दुसरी सवय : प्रत्येक फायबर १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर बघा. चांगल्या सिंगल मोड फायबरचा लॉस १३१० वर किलोमीटरला साधारण ०.३५ डीबी आणि १५५० वर ०.२० ते ०.२२ डीबी असतो. एखाद्या जागी १३१० वर ०.०५ आणि १५५० वर ०.४ दिसलं तर तिथे जोड खराब नाही, फायबर मुरगळली आहे. ट्रेमध्ये वळण ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आवळलं गेलंय, किंवा झाकण लावताना एक ट्यूब दाबली गेलीय. तो जॉइंट पुन्हा मारून काही होणार नाही, ट्रे उघडून वळण मोकळं करा. दोन्हींवर सारखाच लॉस असेल तरच जोड तोडा. परत बोलावणी येतात त्यांतली बरीच या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे येतात.

जोड खराब होण्याची कारणं मोजकीच आहेत. क्लीव्हरचं (फायबर कापण्याच्या हत्याराचं) पातं घासलं की कापाचा कोन एक अंशावर जातो. पात्याला बहुधा सोळा जागा असतात. एक झिजली की पुढची फिरवायची, पण नोंद नसल्यामुळे कोणीच फिरवत नाही. फायबर पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल हवं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकीचं पाणी असतं आणि काचेवर डाग राहतो. पुसल्यावर क्लीव्ह करायची, क्लीव्ह केल्यावर पुन्हा पुसायची नाही. आर्क कॅलिब्रेशन (टोकं वितळवणारी ठिणगी हवेप्रमाणे जुळवणं) जागा बदलली की करायचं : जुलैतल्या कृष्णाकाठच्या दमट हवेत बसवलेला आर्क पाचगणीच्या पठारावर तसाच चालत नाही, कारण हवेचा दाब आणि ओलावा दोन्ही बदललेले असतात. आणि स्लीव्ह (जोडावर चढवायची संरक्षक नळी) आधी ओवायची. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दिवसाच्या चाळिसाव्या जॉइंटला विसरतंच.

आता पैशाचं. जॉइंट मारणाऱ्यापेक्षा तुटलेली जागा शोधून देणाऱ्याला मान जास्त, कारण रात्री अडीचला लिंक बंद असते तेव्हा खड्डा कुठे खणायचा हे सांगणारा एकच माणूस लागतो. ओटीडीआर फायबरची लांबी सांगतो, रस्त्याची नाही. ट्यूबमधली फायबर केबलपेक्षा थोडी लांब असते, आणि प्रत्येक चेंबरमध्ये दोन्हीकडची मिळून वीसेक मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते. आठ चेंबर झाले की दीडशे मीटरची चूक सहज होते. शिवाय ओटीडीआरमध्ये अपवर्तनांक १.४६८ ऐवजी १.४६७ भरलेला असेल तर तीस किलोमीटरवर आणखी वीस मीटरचा फरक पडतो. म्हणून एक्स्चेंजपासून मोजत बसू नका. ट्रेसवर कटच्या अलीकडचा ओळखीचा जॉइंट धरा आणि तिथून पुढचं अंतर जमिनीवर टेपने मोजा. त्यासाठी प्रत्येक चेंबरचं जीपीएस ठिकाण, लूप किती आणि ओटीडीआरवरचं अंतर अशी वही हवी. ही वही तुमची स्वतःची ठेवा. ठेकेदार बदलतील, रस्ता तोच राहील.

घरगुती फायबरकडे वळायचं असेल तर पॉवरचा हिशेब तोंडपाठ हवा. समजा ओएलटीतून, म्हणजे एक्स्चेंजमधल्या यंत्रातून, अधिक ३ डीबीएम इतका प्रकाश निघतो. एकास चारचा स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश चार फायबरमध्ये वाटणारा) सुमारे ७.२ डीबी खातो, पुढचा एकास आठचा १०.५. सहा किलोमीटर फायबर दीड डीबी, चार कनेक्टर मिळून १.६, सहा जॉइंट ०.३. एकूण २१.१. म्हणजे घरात उणे १८ च्या आसपास मिळायला हवं. ग्राहकाचा डबा बी-प्लस वर्गाचा असेल तर उणे २७ पर्यंत तग धरतो, म्हणून उणे २५ आलं तरी दिवा हिरवा दिसतो आणि माणूस निघून जातो. खरं तर सात डीबी कुठेतरी गळतंय. बघायच्या जागा ठरलेल्या : खिडकीच्या चौकटीत दाबलेली केबल, न पुसलेला कनेक्टर, किंवा हिरव्या कनेक्टरला निळा जोडलेला. हिरव्याचं तोंड आठ अंशांत तासलेलं असतं, निळ्याचं सपाट. दोघांमध्ये हवेची फट राहते. मीटर १४९० नॅनोमीटरवर लावून मोजा. एका पोर्टवरची सगळी घरं एकदम तुटत-जोडत असतील तर फायबर तपासण्याआधी एकेक डबा बंद करून बघा. एखादा बिघडलेला डबा आपली पाळी नसताना सतत प्रकाश फेकत असतो आणि बाकीच्यांना बोलूच देत नाही.

टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिलचं स्प्लायसरचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. त्याने हात सुधारत नाही, पण काही निविदांमध्ये ठेकेदाराला प्रमाणित माणसं दाखवावी लागतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट या सरकारी योजनेत तालुका ते ग्रामपंचायत जाळं रिंग पद्धतीने बांधून दहा वर्षं देखभाल करायची आहे. स्प्लायसरपेक्षा देखभाल करणाऱ्याची गरज त्यात अधिक काळ राहील.

प्रश्न : बीड जिल्ह्यात टॉवर टेक्निशियन आहे. वय ३८, अकरा वर्षं झाली. साईट डाऊन झाली की रात्री मोटरसायकलवर पळायचं. गुडघे बोलायला लागलेत. चाळिशीनंतर काय? (गेवराई)

उत्तर : चढणं सोडावं लागेलच. पण टॉवरच्या पायथ्याशी असलेलं काम चढण्यापेक्षा मोलाचं आहे आणि ते बहुतेकांना नीट येत नाही : बॅटरी, रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करून बॅटरी चार्ज करणारा), अर्थिंग, जनरेटर. साईट डाऊन होण्याचं मूळ वर अँटेनापाशी कमी आणि खाली विजेत जास्त सापडतं.

उणे ४८ व्होल्टची बँक म्हणजे दोन व्होल्टच्या चोवीस सेल. फ्लोट (बॅटरी भरलेली ठेवणारा व्होल्टेज) सेलला २.२५, म्हणजे एकूण ५४ व्होल्ट. हे झालं २७ अंशांवर. तापमान वाढलं की दर अंशाला सेलमागे ३ मिलिव्होल्ट कमी करायचे, चोवीस सेलना मिळून ७२. गेवराईच्या मे महिन्यात शेल्टरमध्ये ४२ अंश असेल तर पंधरा अंशांचा फरक झाला. फ्लोट ५३ च्या जरा खाली यायला हवा. रेक्टिफायर हे आपोआप करतो, पण तापमानाचा सेन्सर बॅटरीला चिकटवलेला असेल तरच. अनेक साईटवर तो केबल ट्रेला लोंबकळत असतो, एसीच्या वाऱ्यात. रेक्टिफायरला वाटतं गारवा आहे, तो पूर्ण ५४ देत राहतो आणि बॅटरी आतून सुकते. एरवीही दर दहा अंशांच्या वाढीला लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. "कंपनीने माल वाईट दिला" असं म्हणण्याआधी सेन्सर कुठे आहे ते बघावं.

बॅकअपचा हिशेबही कागदावर मांडा. ६०० अँपिअर-तासांची (एएच) बँक, ४० अँपिअरचा लोड. भागाकार पंधरा तास सांगतो. पण बॅटरीतली ८० टक्केच वीज वापरायची, म्हणजे बारा तास. चार-पाच उन्हाळे काढलेल्या बँकेची क्षमता ६० टक्के उरली असेल तर सात. प्रत्यक्षात साईट तीन तासांत पडत असेल तर बहुधा एखादीच सेल मेलेली असते. मुख्य वीज बंद करून लोडवर सोडा, दर अर्ध्या तासाने चोवीसही सेलचे व्होल्ट लिहा. ज्या सेलचा आकडा सगळ्यांच्या आधी १.७५ कडे घसरतो, ती काढा. पूर्ण बँक बदलण्याची मागणी करणाऱ्याला नकार मिळतो. चोवीस आकड्यांचा तक्ता जोडून एका सेलची मागणी करणाऱ्याला सेल मिळते.

लिथियमच्या बँका आल्या आहेत, त्या जुन्या सेटिंगवर जोडू नका. लिथियमचा स्वतःचा नियंत्रक असतो, तो रेक्टिफायरशी केबलने बोलतो. ही केबल न लावता "व्होल्ट तर येतायत" म्हणून निघून गेलेल्यांमुळे बँका मध्येच स्वतःला बंद करून घेतात.

अर्थिंगबद्दल घरगुती वायरिंगवरून आलेल्या मुलांची हमखास चूक होते. इथे अधिक टोक जमिनीला जोडलेलं असतं, उणे नाही. ही पद्धत जुन्या तारांच्या काळापासूनची आहे, तांब्याचं विद्युत-अपघटनाने होणारं गंजणं कमी व्हावं म्हणून. टॉवर, उपकरणं आणि वीजपुरवठा यांचे अर्थ वेगवेगळे ठेवू नका, खाली एकत्र बांधा. वीज पडली की वेगळ्या अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो तुमच्या कार्डांतून वाट काढतो.

जनरेटरचं थोडक्यात : पंधरा केव्हीएचं जनरेटर दोन किलोवॅटवर तासन्‌तास चालवलं की डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेल गळतं. यंत्र बिघडलेलं नसतं, लोड कमी असतो. रिकाम्या बॅटऱ्या त्याच वेळी चार्जिंगला लावल्या की लोड वर येतो आणि जनरेटर लवकर बंद करता येतं.

हे सगळं येत असेल तर तुम्ही टॉवरवाले राहिला नाहीत, वीजवाले झालात. राज्याच्या परवाना मंडळाचा वायरमनचा आणि पुढे सुपरवायझरचा परवाना काढा. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये यूपीएस, बॅटरी, जनरेटर, अर्थिंग हेच काम आहे, फक्त आकडे मोठे आहेत आणि डोक्यावर छप्पर आहे. गाव सोडायचं नसेल तर साईटच्या ऊर्जा-तपासणीचं आणि सोलरचं काम बघा.

तोवर जितकं चढाल तितकं दोन दोऱ्यांच्या हार्नेसनेच. एक हुक सोडण्याआधी दुसरा अडकलेला हवा. हार्नेसच्या शिवणीवर पांढरा धागा उसवलेला दिसला तर तो फेकून द्या. आणि अँटेनाच्या तोंडासमोर काम असेल तर आधी नॉकला (जाळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षाला) फोन करून ते सेक्टर बंद करून घ्या. "पाच मिनिटांचंच काम आहे" हे कारण चालत नाही.

प्रश्न : पुण्यात आरएफ (रेडिओ सिग्नलचा) इंजिनिअर आहे, वय २९. पाच वर्षं ड्राइव्ह टेस्ट (गाडीतून फिरून सिग्नल मोजणं) आणि रिपोर्ट. आता म्हणतात फोनकडूनच डेटा येतो, गाडी फिरवायची गरज नाही. माझं काय होणार? (पुणे)

उत्तर : गाडी फिरवणाऱ्याची गरज कमी होतेय, हे खरं आहे. रिपोर्टमधल्या लाल ठिपक्याचं कारण सांगणाऱ्याची मात्र वाढतेय, कारण ठिपके आता हजारपट येतात.

एकच तक्रार घ्या : "संध्याकाळी नेट चालत नाही." सिग्नल उणे ८५, उत्तम. पण एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) २ असेल तर कोणीतरी दुसरं ओरडतंय. एसआयएनआर १८ असून सेलचे ९५ टक्के ब्लॉक (रेडिओ-क्षमतेचे वाटे) वापरात असतील तर गर्दी आहे. टिल्ट (अँटेनाचा खालचा कल) बदलून काही होणार नाही, कॅरिअर (आणखी एक फ्रिक्वेन्सी-पट्टा) वाढवा. दोन्ही ठीक आणि वेग मात्र ९४-९५ एमबीपीएसला भिंतीवर आपटल्यासारखा थांबत असेल तर अँटेना सोडा, खालच्या राउटरचा पोर्ट बघा : हजारऐवजी शंभरवर जुळलाय, बहुधा एका खराब पॅच कॉर्डमुळे. या शेवटच्या प्रकारात आरएफवाले आठवडाभर अझिमथ (अँटेनाची दिशा) फिरवत बसतात.

"दुसरं ओरडतंय" म्हणजे कोण, हे टायमिंग अ‍ॅडव्हान्सच्या काउंटरमधून कळतं; फोन किती दूर आहे हे तो सांगतो. एलटीईत (४जीत) एक पायरी साधारण ७८ मीटरची. एखाद्या सेलचे फोन १०० च्या पुढे दिसले तर तो पावणेआठ किलोमीटरपलीकडची माणसं ओढतोय. घाटमाथ्यावरच्या साईट खालच्या कोकणात अशाच सांडतात. तिथे इलेक्ट्रिकल टिल्ट दोन अंशांनी वाढवणं हा उपाय; पॉवर कमी करणं हा नव्हे, त्याने जवळच्या वस्तीच्या घरांतला सिग्नल आधी जातो.

५जीसाठी दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली वेळेची शिस्त. साडेतीन गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सगळ्या साईट एकाच घड्याळावर बोलतात आणि थांबतात, चूक दीड मायक्रोसेकंदाच्या आत हवी. एका साईटचा जीपीएस अँटेना पत्र्याखाली गेला आणि घड्याळ सरकलं की ती इतरांच्या ऐकण्याच्या वेळेत बोलते. तक्रार आजूबाजूच्या दहा साईटवरून येते, दोषी मात्र स्वतःच्या आकड्यांत निर्दोष दिसते. दुसरी पिम : गंजलेला बोल्ट किंवा सैल कनेक्टर दोन फ्रिक्वेन्सींचं मिश्रण करून आवाज तयार करतो. सात-सोळाचा कनेक्टर २५ ते ३० न्यूटन-मीटरने आवळायचा, नवा छोटा ४.३-१० फक्त ५ ने. रिगरकडे एकच मोठा पाना असतो, आणि छोटे कनेक्टर तिथेच मरतात. टॉर्क पाना मागून घ्या. व्हीएसडब्ल्यूआर (परत फिरणाऱ्या सिग्नलचं माप) १.३ आला म्हणून पिम चांगला असेल असं गृहीत धरू नका, दोन्ही मोजमापं वेगळी आहेत.

यापुढे एसक्यूएल आणि थोडं पायथन. एका विशिष्ट कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली बटणं पाठ असणं ही पाच वर्षांची शिदोरी आहे, काउंटर वाचता येणं अधिक टिकतं. उपकरणं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत काउंटरची नावं वेगळी आणि अर्थ बव्हंशी तेच.

प्रश्न : वय ४१. एमएससी, एचएलआर, एसएस-सेव्हन या कॉल जोडणाऱ्या जुन्या यंत्रणेवर सोळा वर्षं काढली. आता सगळं क्लाउडवर म्हणतात. तिशीतली मुलं कुबरनेटीसच्या (क्लाउडवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) गोष्टी करतात, मला मीटिंगमध्ये बोलता येत नाही. (नवी मुंबई)

उत्तर : त्या मुलांना कंटेनर (क्लाउडवर चालणारा प्रोग्रॅम) मेला हे कळतं, ग्राहकाचा कॉल का तुटला हे कळत नाही. तुम्हाला कॉल फ्लो कळतो. फक्त तुमची भाषा जुनी आहे, ती बदलायला सहा ते नऊ महिने लागतील.

क्रम असा ठेवा. आधी लिनक्सवर टीसीपीडंप आणि वायरशार्क ही डेटाची पाकिटं बघण्याची साधनं, कारण आता ट्रेस तिथेच दिसतो. ट्रेसमधलं कोणतं बोलणं कशाचं हे पोर्टच्या क्रमांकावरून ओळखतात, ते लक्षात ठेवा : डायमीटर ३८६८, जीटीपी कंट्रोल २१२३, जीटीपी युजर २१५२, ४जी टॉवरकडून येणारं एससीटीपी ३६४१२, ५जीचं ३८४१२, पीएफसीपी ८८०५. मग जुन्याची नव्याशी जोडी लावा. एचएलआरचं काम एचएसएस आणि पुढे यूडीएम करतं. एमएससीचं कॉलचं काम आयएमएसकडे गेलं आणि कॉल जुळवण्याच्या आयएसयूपी भाषेच्या जागी एसआयपी आलं. एसआयपीतला इन्व्हाइट म्हणजे तुमचा आयएएमच, कॉल सुरू करणारा निरोप. कुबरनेटीस शेवटी घ्या, आणि त्यातलंही पॉड, सर्व्हिस, लॉग आणि नेटवर्क एवढंच आधी.

जुना माणूस कुठे जिंकतो याचं एक उदाहरण. नवीन जोडणीवर पिंग होतो, लहान पानं उघडतात, मोठी पानं लटकतात. क्लाउडवाले सांगतात सर्व्हर ठीक आहे. १५०० बाइटच्या पाकिटावर जीटीपी ३६ बाइटचं वेष्टण चढवतं : २० आयपी, ८ यूडीपी, ८ जीटीपी. ५जीत त्यावर थोडं आणखी, आयपीसेक असेल तर बरंच आणखी. मधल्या एखाद्या स्विचचा एमटीयू (पाकिटाच्या आकाराची मर्यादा) १५०० वरच ठेवलेला असेल तर मोठी पाकिटं गळतात. १४०० आणि १५०० आकाराचे "तुकडे करू नका" असा झेंडा लावलेले दोन पिंग टाकले की कळतं. मीटिंगमध्ये बोलायला हे पुरे.

जुनं सगळं लगेच मरतं असंही नाही. एअरटेलने ३जी बंद केलं आणि २जी चालू ठेवलं. साधे फोन, वीजमीटर, कार्ड घासायची यंत्रं अजून त्यावर आहेत. पण पुढची वीस वर्षं त्यावर काढता येणार नाहीत.

प्रश्न : नऊ वर्षांत पाच ठेकेदार बदलले, साईट तीच. पीएफचं काय होतं? (नागपूर)

उत्तर : यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच आहे ना ते आधी बघा. प्रत्येक ठेकेदाराने नवा काढला असेल तर सगळे जुने खाते-क्रमांक एकाच यूएएनमध्ये हस्तांतरित करून घ्या. प्रत्येक ठिकाणी नोकरी सोडल्याची तारीख भरलेली हवी. ठेकेदाराने भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर ती स्वतः भरता येते. नाव आणि जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर हस्तांतर अडकतं.

दोन नोकऱ्यांच्या मध्ये पैसे काढण्याचा मोह होतो, आणि इथेच नुकसान आहे. दहा वर्षांची पेन्शनपात्र सेवा झाली की पेन्शनचा हक्क येतो. त्याआधी फॉर्म १०-सी भरून पेन्शनचा भाग काढून घेतला तर तितकी वर्षं पुसली जातात. काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, सेवा जपली जाते. हिशेब सरासरी पगार गुणिले वर्षं भागिले ७० असा आहे. १५ हजारांच्या मर्यादेवर दहा वर्षांचे महिन्याला सुमारे २,१४३ रुपये, पंचवीस वर्षांचे ५,३५७. रक्कम मोठी नाही, पण तुम्ही नवव्या वर्षी आहात. एकच वर्ष राहिलंय, आत्ता हात लावू नका.

प्रश्न : मुलगी ईएनटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. टेलिकॉम म्हणजे टॉवरवर चढणं, रात्रपाळी, असं सगळे सांगतात. सरकारी वाट आहे का? (लातूरहून एक आई)

उत्तर : ताई, चढण्याचं काम इंजिनिअरच्या वाट्याला क्वचितच येतं. रात्रपाळी मात्र नॉकमध्ये असते आणि पहिली दोन-तीन वर्षं ती करावीच लागते. ऑफर घेताना घरापर्यंत गाडी सोडते का, एवढं लेखी विचारा. सरकारी वाट आहे : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन शाखेतून, दूरसंचार खात्याच्या भारतीय दूरसंचार सेवेत जाता येतं. जागा थोड्या असतात, म्हणून सोबत गेट परीक्षाही द्यावी. संशोधनाकडे ओढा असेल तर १९८४ मध्ये स्थापन झालेली सी-डॉट ही सरकारी संस्था आहे, दिल्ली आणि बंगळुरूत. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीमागे तेजस आणि टीसीएस या कंपन्यांबरोबर तिचंच काम आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अ‍ॅपचा न करता सॉफ्टवेअर-रेडिओचा किंवा ओपन सोर्स ५जी कोअरचा करायला सांगा. साध्या लॅपटॉपवर होतो आणि मुलाखतीत तिच्याकडे बोलायला काहीतरी राहतं.

प्रश्न : आखातात फायबरचं काम लावून देतो म्हणून एजंट दीड लाख मागतोय, आधी व्हिजिट व्हिसावर जा म्हणतो. (चिपळूण)

उत्तर : जाऊ नका. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा, त्याने पाठवलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे आणि पकडले गेलात तर मालक ओळख देत नाही. खरी ऑफर असेल तर करारात पद, मूळ पगार, राहणं, परतीचं तिकीट आणि स्प्लायसिंग मशीन कोणाचं हे लिहिलेलं असतं. मशीन तुमचं न्यायचं असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सचं निर्यात-प्रमाणपत्र करून घ्या, नाहीतर परतताना त्याच मशीनवर ड्यूटी मागतात.